काड्यांची माडी

सुरतेच्या खोलीतल्या गड्यांनो, हे कार्ड सगळ्यांना वाचून दाखवा.

आज धुळ्याच्या म्युनिसिपालटीत साहेबांनी आमच्या घरपट्टीची तक्रार ऐकली. उन्हाळ्यात निजायला आईने घरावरच्या मातीच्या धाब्यावर कपाशीच्या काड्यांचा आडोसा केला होता. कारकुनाने तो माडी म्हणून लिहिला आणि पट्टी दुप्पट केली.

मी साहेबांना म्हटलं, "चला, वर चढून बघा." ते खरंच आले.

आई म्हणाली, "भाऊ, हाई माडी पावसाळापहिले चुल्हामा जास."

साहेब हसले. "चुलीत जाणारी माडी! बरं, कमी करू. जा आता."

"लेखी द्या," मी म्हटलं. तर म्हणे, सोमवारी या.

माझी रजा उद्या संपते. गिरणीच्या मुकादमाला सांगा, कागद हातात आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. तुम्ही बसला असता का?