ठशातील नखे

श्रीमती वत्सलाताई मेश्राम यांच्याशी माझा परिचय मतभेदाने झाला, आणि त्या मतभेदात चूक माझी होती. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे आरंभीच नोंदवणे मला उचित वाटते.

जबलपूरच्या आमच्या वसाहतीमागील टेकडीवर एक बिबट मादी दोन बछड्यांसह दिसली होती. दुसऱ्याच दिवशी वसाहतीतील गणपतभाऊंची शेळी नाल्याकाठी मेलेली आढळली. रहिवाशांची सभा भरली. तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक म्हणून अध्यक्षपद माझ्याकडे आले आणि पिंजऱ्याच्या मागणीचा अर्जही मीच लिहिला. ‘बिबट्याने शेळी मारली आहे’ हे त्याचे पहिले वाक्य.

ते वाचताच मागच्या रांगेतून वत्सलाताई उभ्या राहिल्या. “सर, मारताना पाहिलं कोणी?”

“अरे दीदी, शेर ने मारी है, और कौन मारेगा!” एक गृहस्थ ओरडले.

“भैया, पहिले तर तो शेर नाही, बिबट आहे. जनावराचं नाव माहीत नाही अन् त्याला फाशी देऊन राहिले!”

सभा हसली. ताईंनी पिशवीतून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली. संरक्षण कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात त्यांनी सारी नोकरी ट्रेसर म्हणून, आराखड्यांच्या रेघा पारदर्शक कागदावर उतरवण्यात केली. निवृत्तीनंतर तोच हात त्यांनी टेकडीवरच्या पाऊलखुणांकडे वळवला. ठशावर काच धरायची, काचेवर रेघ काढायची, ती कागदावर उतरवायची. शेळीभोवतीच्या प्रत्येक ठशात नखांची टोके उमटली होती.

“बिबट नखं आत ठेवून चालतो. हे कुत्र्यांचे पाय आहेत. बिबट गळा धरून मारतो; या शेळीचा गळा कोरा आहे, मागच्या तंगड्या फाटल्या आहेत. पिंजऱ्यात आई सापडली तर बछडे नाल्यातच उपाशी मरतील, सर.” एवढे बोलून त्या बसल्या.

कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे ठरत नाही. हा काकतालीय न्याय मी वर्षानुवर्षे शिकवला. त्या सभेत मी स्वतःच त्या फांदीवर बसलो होतो. अर्ज मागे घेतला.

“पण माझी शेळी तर गेली ना, दीदी?” गणपतभाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुतार घेऊन ताई त्यांच्याकडे गेल्या आणि गोठ्याला पक्के दार बसेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

स्वतःच्या विधानांनाही त्या हीच कसोटी लावतात. बिबट्या दिवसा घरांजवळ येत नाही, असे त्यांनी वसाहतीत सांगितले होते. भर दुपारी तो पाण्याच्या टाकीपाशी दिसल्याचे कळले, तेव्हा आधी त्यांनी जागेवर जाऊन ठसे पाहिले. मग घरोघर जाऊन त्या म्हणाल्या, “मी चुकीचं सांगितलं होतं. लेकरांना दुपारीही नाल्याकडे एकटं पाठवू नका.” एवढ्या निःसंकोचपणे चूक मान्य करणारे विद्वान मला फार भेटले नाहीत.

माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन बंद होते. त्या काळात ताई रोज सकाळी टेकडीची वार्ता घेऊन येत.

“आज मादीनं पिलांना झाडावर चढवलं.”

“पाहिलं, की ऐकलं?” मी विचारी.

“पाहिलं, सर. तुमच्यासमोर ऐकीव बोलायची हिंमत नाही माझी.” आणि मग चहा मागून घेत.

पिंजरा लागला नाही. बछडे वाढले. पुढच्या वर्षी ताईंनी माझ्यासमोर दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले: एक आईच्या पंजाचा, दुसरा पिलाचा. पिलाची रेघ आईच्या रेघेबाहेर गेली होती. काही आठवड्यांनी दोन्ही पिले आपापल्या वाटेने निघून गेली.

वत्सलाताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो. टेकडी चढणारे गुडघे आणि रेघ धरणारा हात शाबूत राहोत. त्यांनी शंभरी ओलांडावी, ही माझी इच्छा निःस्वार्थ नाही. घाईने निष्कर्ष काढण्याचा आम्हा रहिवाशांचा उत्साह अजून ओसरलेला नाही, आणि ते निष्कर्ष खोडून काढायला दुसरे कोणी आमच्याकडे नाही.