देवळातलं टाकं

ख्रिस्ती देवळात शेवटच्या बाकावर सलोमीबाईंचा डोळा लागतो आहे. उपासना आटोपली, गवंडी जेवायला गेलेत. दाराशी मुरमाचा ढीग पडलाय. व्यासपीठाच्या फळ्या उचकटून भिंतीला लावल्यात आणि त्यांच्या जागी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचं दगडी टाकं उघडं पडलंय, कोरडंठाक. ते बुजवून वर खुर्च्या मांडायच्या, असं मंडळीच्या कमिटीत ठरलं. कमिटीतल्या या एकट्याच बाई. त्यांनीही मान डोलावली. बाहेरचं बोलणं दूर जातं, फळ्या पुसट होतात.

"सलोमे, पदर खोच."

टाक्यात सुभक्तीआत्या उभी आहे. वडिलांची थोरली बहीण. तिला मातीआड करून किती वर्षं झाली! पण लुगडं निथळतंय, गुडघे पाण्यात आहेत.

"आत्या, यात पाणी कुठून आलं गं?"

"आम्ही आणलं. बघ की."

बाक आता नदीकाठी आहे. पाद्रीबाबा कमरेइतक्या पाण्यात उभे, समोर पांढऱ्या लुगड्यातली एक पोर. काठावर गावची माणसं जमताहेत. कोणी ओरडत नाही, त्याचीच भीती वाटते. पहिला दगड पाण्यात पडतो. दुसरा पोरीच्या कपाळावर बसतो.

"कोण ती?"

"मीच." आत्या केस मागे सारते. कपाळावर ती खोक, जी जात्यावर पडून झाली असंच घरात सगळे सांगत. "नदीवर गाव बाप्तिस्मा होऊ देईना. देवळाच्या भिंती अर्ध्यावर होत्या. त्या तशाच ठेवल्या न् आधी हे टाकं खणलं. आपलं पाणी आपल्या छपराखाली. तुझ्या आजीनं घागरी वाहिल्या, पोटात तुझा बाप होता."

काठावरची माणसं देवळाच्या दारात आहेत. वरून मुरूम कोसळतो, आता टाक्यात उतरलेल्या सलोमीबाईंच्या खांद्यावर, आत्याच्या मांड्यांवर. टाक्याचा सांधा फुटून पाणी भसाभसा वाहू लागतं.

"दाब तिथं, दाब!" आत्या त्यांच्या मुठीत चुना कोंबते. त्या सांध्यात बोटं खुपसतात. मुरूम आत्याच्या छातीशी येतो.

"आत्या, हात दे!"

"मला कशाला ओढतेस? मी गेलेली बाई. तू तोंड उघड!"

मुरूम तिच्या हनुवटीला लागतो.

"सलोमीबाई! अहो, बाई!"

तरुण पाळक, प्रसन्न ओहोळ, वाकून हाक मारताहेत. "गवंडी आलेत. करू सुरुवात?"

टाक्याच्या काठावर मुरमाची पहिली पाटी कलंडू लागली आहे.

"थांबा!" आवाज असा फुटतो की सलोमीबाई स्वतःच दचकतात. "खाली ठेव ती पाटी! कमिटी परत बसवा, पाळकसाहेब. माझी संमती नाही."

"आता? बाई, सगळं ठरलंय हो..."

"ठरलं तेव्हा मी गप्प होते. आता नाही."

गवंडी पाळकांकडे बघतो, पाळक टाक्याकडे. मग पाळक हातानंच थांबायची खूण करतात. पाटी जमिनीवर टेकते.

सलोमीबाई पुढच्या बाकाची पाठ धरून उठतात. काळ्या लाकडावर बोटांचे पांढरे ठसे उमटतात. नखांत चुना भरलेला आहे, अजून ओला.