अप्पाराव गुरुजींचा चार्ज

अप्पाराव गुरुजींना आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. एक स्वच्छ हवा, दुसरी मुख्याध्यापकाचा चार्ज. पैकी स्वच्छ हवा त्यांना २००८ सालापासून हवीशी वाटू लागली होती. चार्जची वाट बघता बघता मात्र केस पिकले. वडीगोद्रीच्या ज्या खाजगी शाळेत ते भूगोल शिकवत, तिथं आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांची एक पाटी होती. गुरुजी तिच्यासमोरून जाताना शेवटच्या नावाखालची मोकळी जागा रोज बघून घेत. निवृत्तीला आता दोनच वर्षं उरली होती.

स्वच्छ हवेचं खूळ जावयानं घरात आणलं. त्यानं औरंगाबादहून बॅटरीवर चालणारी स्कूटर पाठवली. आवाज नाही, धूर नाही. गुरुजी त्या गाडीवर असे ताठ बसत की वाटावं, गाडी त्यांच्या सद्‌गुणांवरच चालते. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून त्यांनी शपथ घेतली, की या जन्मी पेट्रोलच्या गाडीला पुन्हा शिवणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनंतर बिस्किटं होती.

पटलं नाही ते एका संपतला. संपतचं हायवेला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. गुरुजी मुद्दाम तिथं गाडी थांबवून पेट्रोलनं फुप्फुसांचं काय होतं ते सांगत आणि संपत हात पुसत ऐकून घेई.

"गुरुजी, तुमच्या गाडीला धूर न्हाई हे बराबर हाये," तो एकदा म्हणाला. "पण लाइट कुठून येती? परळीहून. तिथं कोळसा जाळून राह्यले. मंग धूर गेला न्हाई, निसता गाव बदलून बसला."

गुरुजी पडले भूगोलाचे. "परळी बीड जिल्ह्यात येते," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

खरी अडचण परळीची नव्हती, लोडशेडिंगची होती. लाइट दिवसाचे बारा-बारा तास गायब. मग गुरुजींची स्कूटर चार्जिंगसाठी झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी राहू लागली, कारण त्या दुकानात रॉकेलवर चालणारा जनरेटर होता. जनरेटर धडधडत काळा धूर ओके आणि गुरुजी नाकाला रुमाल लावून गिऱ्हाइकांना प्रदूषणाची माहिती देत. रॉकेल जाळून स्वच्छ हवा तयार करणारा दुसरा माणूस जालना जिल्ह्यात नसावा.

डिसेंबरात जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि पत्र आलं. सोमवारी अकरा वाजता अंबडला संस्थेच्या कचेरीत हजर राहावं. सर्वांत ज्येष्ठ अप्पाराव गुरुजी, त्यांनी नकार दिल्यास चार्ज त्यांच्या खालोखालच्या शिक्षिका उषाबाईंकडे. गुरुजींनी पत्र देवापुढं ठेवलं.

शनिवारी गावाला लाइट पुरवणारी डीपी जळाली. झेरॉक्सवाला लग्नाला गेलेला. सोमवारी सकाळी स्कूटरचा काटा निम्म्यावर होता.

"एसटीनं जावा की," बायको कौसल्या म्हणाली.

"चार्ज घ्यायला जायचं ते लोंबकळत?" असं म्हणून गुरुजींनी नवा सफारी चढवला आणि निघाले.

अंबड सात-आठ किलोमीटर राहिलं आणि गाडी जागीच थांबली. गुरुजी ती ढकलत असताना साडेदहाला मागून संपत आला, सामान आणायला निघालेला. "बसा गुरुजी, जल्दी सोडतो."

गुरुजींनी त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटकडं बघितलं. बसावंसं फार वाटलं. पण बसलं तर दुपारच्या आत ही गोष्ट साऱ्या हायवेला कळणार, आणि गाडी बंद पडली म्हटलं तर कचेरी हसणार. 'चार्ज नाही' म्हटलं की कसं शास्त्रीय वाटतं, उशिराचं कारण कचेरी आपोआप समजून घेईल.

"तू फुडं जाय," ते म्हणाले. "क्लार्कला एवढंच सांग, अप्पाराव गुरुजींना चार्ज न्हाई. गाडीबिडीचं काही बोलू नको."

संपत शब्दाचा पक्का. कचेरीत जाऊन त्यानं तेवढंच सांगितलं.

"चार्ज नाही म्हणजे? घ्यायचा नाही?" क्लार्कनं विचारलं.

"मला एवढंच सांगायला सांगितलं," संपत म्हणाला.

गुरुजी पावणेबाराला पोचले ते उसाच्या ट्रॅक्टरवर. शपथेत डिझेलचा उल्लेख नव्हता. गाडी वाटेतल्या एका हॉटेलात ठेवली होती. कचेरीत शिरतात तो उषाबाईंची सही होऊन पेढे वाटणं चाललेलं.

सचिव उठून उभे राहिले. "या गुरुजी. तरुण माणसाला संधी मिळावी म्हणून आपण चार्ज सोडलात. आजच्या काळात असा त्याग कोण करतो?" त्यांनी गुरुजींच्या गळ्यात हार घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एका वाक्याचं काम होतं. तो चार्ज गाडीचा होता, एवढं म्हटलं की झालं. वाक्य गुरुजींच्या ओठांवर आलं. पण समोर टाळ्या चालू होत्या आणि सामान घेऊन परतलेला संपत दारात उभा होता.

"तत्त्व आहे आपलं," गुरुजी म्हणाले.

बाहेर उन्हात ते हार घालून एसटीची वाट बघत उभे राहिले. तासभर एसटी आली नाही. मग उषाबाईंची जुनी स्कूटी फटफटत, पांढरा धूर सोडत त्यांच्यापुढं थांबली.

"चला गुरुजी, शाळेतच चाललेय. माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही सोबत हवेत."

गुरुजींनी हार काढून पिशवीत घातला आणि मागं बसले.