काडेपेटीसमोर दहा मिनिटं

डॉक्टरांनी कागदावर एक लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"जिवावर बेतलेला प्रसंग होऊन जातो, पण मन आणि शरीर तो अजून चालूच आहे असं समजून वागत राहतात. बाई, तुमच्या शरीराला अजून कोणी कळवलेलंच नाही की आग विझली."

"मग कळवा लवकर. जूनमध्ये माझी शाळा सुरू होते."

ते हसले नाहीत. "जूनपर्यंत नाही होणार," म्हणाले.

मला त्यांचा रागच आला. मे महिन्यात जळगावहून अडीच तास एसटीत भाजून निघत मी धुळ्याला आले होते. जळगावात डॉक्टर नव्हते असं नाही. पण तिथे वेड्यांच्या डॉक्टरच्या बाकावर मला कोणी पाहिलं असतं, तर शाळा उघडल्या दिवशी आठवीच्या वर्गात त्याची चर्चा झाली असती. धुळ्याच्या बाकावर बसले, तर समोर आमच्याच शाळेतल्या एका मुलीचे वडील. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते उलटं होतं. मी छताकडे पाहिलं. पुढे पाच-सहा वेळा आम्ही तसेच भेटलो आणि एकदाही एकमेकांना ओळखलं नाही.

हे लिहिते आहे ते अशाच उलट्या वर्तमानपत्रामागे बसलेल्यांसाठी.

मी गणित शिकवते. तेव्हा वय चव्वेचाळीस. हातात घेतलेलं काम वेळेत संपलं नाही की मला चैन पडत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

त्या जानेवारीत आमच्या शिक्षिकांची भरिताची पार्टी होती, धरणगावजवळ कुसुमच्या भावाच्या शेतात. कुसुम आमच्या शाळेत मराठी शिकवायची, माझी अठरा वर्षांपासूनची मैत्रीण. हिवाळ्यात आमच्याकडे ठिकठिकाणी अशा पार्ट्या होतात. कापूस वेचून झाला की वाळलेल्या काड्यांचा ढीग करायचा, त्यावर वांगी टाकायची आणि जाळ करायचा. त्या दिवशी काड्या दवाने ओल्या होत्या. नुसता धूर. कोणीतरी पंपाच्या खोलीतून रॉकेल आणलं. ते कुसुमने ओतलं. भडका तिच्या नायलॉनच्या साडीवर आला. मी पोतं घेऊन धावले आणि तिच्यावर टाकून दाबून धरलं. माझे दोन्ही तळवे भाजले. ती छातीपासून उजव्या हातापर्यंत भाजली.

हा परिच्छेद मी त्यानंतर किती वेळा सांगितला असेल, त्याला मोजदाद नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटांचा पुडा ठेवायचा आणि म्हणायचा, "कसं झालं हो?" मी सांगायचे. ऐकून झालं की तो आपल्या ओळखीतल्या कोणाच्या तरी भाजण्याची गोष्ट सांगायचा. ती आमच्याहून भयंकर असायची. मग चहा.

माझे तळवे मार्चपर्यंत बरे झाले. सगळे म्हणाले, सुटलीस. आणि तिथून पुढे बिघडायला लागलं.

पहिल्यांदा कळलं ते स्वयंपाकघरात. गॅस पेटवायला काडी काढली आणि हात वर उचलेना. दुखत नव्हता, उचलतच नव्हता. पाठीतून घाम. काडेपेटी खाली ठेवली, हात चालू. मग शाळेत शिपायाने मैदानात पालापाचोळा पेटवला. मी फळ्यावर समीकरण अर्धं सोडून बाहेर पडले, ती थेट रस्त्यावर. चप्पल वर्गात राहिली. झोप तुटायला लागली. वांगं भाजल्याचा वास शेजारून आला तरी उलटी. नुसतं आठवत नव्हतं, मी पुन्हा तिथेच असायचे. पोत्याचा खरखरीत स्पर्शसुद्धा हाताला लागायचा. याला फ्लॅशबॅक म्हणतात हे मला मे महिन्यात कळलं. मधले दोन महिने मी त्याला "माझं डोकं फिरलंय" म्हणत होते.

घरच्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला. बी कॉम्प्लेक्सची दहा इंजेक्शनं. आमचे हे म्हणाले, "तू त्याचा विचार करू नकोस." जणू मी विचार करायला बसत होते.

सासूबाई बहात्तर वर्षांच्या. माझ्यामुळे त्या पुन्हा चुलीपाशी गेल्या होत्या, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचत होतं. त्यांनी स्वतःचं निदान केलं. "नजर लागनी शे हिले," त्यांनी यांना सांगितलं. तिन्हीसांजेला मला पाटावर बसवून मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि घमेल्यातल्या धगधगत्या निखाऱ्यांवर टाकल्या. तडतड तडतड आणि भक्‌कन धूर. मी पाटावरून उठले कधी, ओट्यावरून पडले कधी, कळलं नाही. गुडघा फुटला.

"दखा," सासूबाई यांना म्हणाल्या, "केवढी नजर निंघनी!"

आगीला घाबरलेल्या बाईच्या तोंडापुढे निखारे धरायचे हे आमच्याच घरात होऊ शकतं. पण त्या गुडघ्यामुळेच यांना पटलं की हे इंजेक्शनचं काम नाही. ओळखीतल्या एकाने धुळ्याचं नाव सांगितलं.

आता उपचारांबद्दल. झोपेसाठी एक लहान गोळी मिळाली, तीन महिन्यांत कमी करून बंद केली. बाकी सगळं काम माझ्यावर. डॉक्टरांनी शंभर पानी वही आणायला लावली. भीती शून्य ते शंभर मोजायची आणि लिहायची. मला वाटलं, गणिताच्या बाईला खूश करायला सांगताहेत. नाही, सगळ्यांनाच सांगत होते. मग भीतीच्या पायऱ्या लिहायच्या. सगळ्यात खाली: बंद काडेपेटी टेबलावर. सगळ्यात वर: शेतात काड्यांचा जाळ. मध्ये मेणबत्ती, गॅस, वातीचा स्टोव्ह वगैरे, एकूण दहा. एका पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. याला एक्स्पोजर म्हणतात. ज्याला भितो त्याच्याजवळ थोडं थोडं जाऊन बसणं, इतकाच अर्थ. आणि पळण्याला, टाळण्याला अव्हॉयडन्स. डॉक्टर म्हणाले, "टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. म्हणूनच आजार टिकतो."

तर पदवीधर, चव्वेचाळीस वर्षांची बाई रोज दुपारी बंद काडेपेटीकडे दहा मिनिटं बघत बसायची. सोबत श्वास मोजायचा. चार आकडे आत, सहा बाहेर. मुठी आवळून सोडायच्या, खांदे उचलून सोडायचे. सासूबाई दारातून बघायच्या. "काडेपेटी काय बोलस?" त्यांनी एकदा विचारलं. "अजून काही नाही," मी म्हटलं. पहिल्या पायरीला अकरा दिवस लागले. एवढ्या दिवसांत मी नववीचा भूमितीचा निम्मा भाग संपवते.

कोणी तुम्हाला सांगेल की हळूहळू रोज बरं वाटत जातं. तसं होत नाही. माझ्या वहीत साठ, पंचावन्न, पन्नास, आणि मग काही कारण नसताना पुन्हा ऐंशी. मी चिडून वही फेकली. डॉक्टर म्हणाले, "फेकली हेही लिहा."

जूनमध्ये शाळेत गेले, पण निम्म्या तासांवर. शिपायाला पाला पेटवायची बंदी झाली. माझ्यासाठी हे करावं लागलं याचाही मला राग.

जुलैत डॉक्टरांनी कॅसेट आणायला सांगितली. डोळे मिटून तो प्रसंग "आत्ता घडतो आहे" असा सांगायचा, तो टेप करायचा आणि घरी रोज ऐकायचा. मी म्हटलं, "माझा तो अख्ख्या जळगावला सांगून झालाय." तरी सांगितला. घरी रोज ऐकला. वहीतला आकडा खाली येईना. सत्तर म्हणजे सत्तर. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कॅसेट माझ्यासमोर ऐकली आणि म्हणाले, "हे पाठ केलेलं आहे. रॉकेल कोणी ओतलं?"

"कुसुमने."

"तिला ओतावंसं का वाटलं?"

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. स्टँडवर गेले. जळगावची गाडी लागलेली होती. एक पाय पायरीवर ठेवला, आणि लक्षात आलं की हेच ते, अव्हॉयडन्स. स्वतःवर इतकी चिडले की परत गेले. तोवर नंबर गेला होता. दोन तास बाकावर बसले. समोर तेच गृहस्थ, या वेळी वर्तमानपत्र सरळ.

आत गेल्यावर सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं ते. कुसुम म्हणत होती, थांबू या, काड्या वाळतील, रॉकेलने भरताला वास लागतो. आमच्याकडे भरताच्या काड्यांवर कोणी रॉकेल टाकत नाही. मी घड्याळ बघत होते. मी म्हटलं होतं, "टाक गं, किती वेळ लावतेस, पाचची बस चुकेल."

डॉक्टरांनी तुमची चूक नाही वगैरे काही म्हटलं नाही. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. "आता हे सांगा."

ती कॅसेट ऐकताना पहिल्या दिवशी वहीत शंभर लिहिले. ऑगस्टच्या शेवटी चाळीस. मेणबत्ती झाली. दिवाळीच्या आधी गॅस झाला, आणि सासूबाईंना मी चुलीपासून उठवलं. त्या म्हणाल्या, "नजर उतरनीच व्हती, तूच नाटक करी राहिंती." मी वाद घातला नाही.

एक गोष्ट पायऱ्यांच्या यादीत नव्हती. कुसुम तीन महिने जळगावच्या इस्पितळात होती, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. मी दोनदा फाटकापर्यंत गेले आणि फिरले. मग ती धरणगावला भावाकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "ही अकरावी पायरी लिहा. कधी जायचं ते तुम्ही ठरवा."

दिवाळी झाल्यावर गेले. ती ओसरीवर बसलेली होती. मान ताठ, उजव्या हाताची बोटं आत वळलेली. भाजलेली कातडी भरताना आखडते, तिला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मीच म्हटलं होतं टाक म्हणून.

शाळेत कुसुम छापील मराठी बोलायची. तेव्हा अहिराणीत बोलली.

"माले काय माहीत नही का? तू बोलनी, मी वतं. हात मना व्हता ना?" मग तिचा आवाज चढला. "दवाखानामा बठ्ठा गाव उना. शाळाना शिपाई उना. तू काबर नही उनी?"

मी का आले नाही, याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. म्हटलं, "घाबरले होते."

"दहा महिने?"

"दहा महिने."

तिने डाव्या हाताने आतलं दार दाखवलं. मग म्हणाली, "चहा ठेवा, पाटीलबाई. वहिनी शेतात गेली की संध्याकाळपर्यंत मला चहा नाही. काडी ओढता येत नाही मला."

आत वातीचा स्टोव्ह होता. रॉकेलचा वास दारातच आला. वातीचा स्टोव्ह माझी नववी पायरी, मी सातवीवर होते. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि माझ्याच श्वासाने विझली. ओसरीवरून आवाज आला, "पेटी संपवतेस का काय?" तिसरी लागली. डोक्यात आकडा पंच्याण्णव. मी हलले नाही. दूध-पाणी उकळेपर्यंत साठ.

चहा फार गोड झाला होता. तिने तसं सांगितलंही.

धुळ्याच्या डॉक्टरांची मी ऋणी आहे, विशेषतः त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही यासाठी. सासूबाईंचीही आहे, त्या वयात चुलीपाशी बसल्याबद्दल, निखारे वगळून. तुमच्यापैकी जे टाळत बसले आहेत त्यांना एवढंच सांगते: वही आणा, पायऱ्या लिहा, आणि लोकांना सांगायच्या गोष्टीतून तुम्ही काय गाळता ते स्वतःशी तपासा. लवकर होणार नाही. मला अजून वांग्याचा वास सोसत नाही.

रविवारी मी धरणगावला जाते. स्टोव्ह मी पेटवते. कपबशा कुसुम उचलते, तिच्या बोटांना तोच व्यायाम सांगितला आहे. आतापर्यंत चार फुटल्या.

पुढच्या जानेवारीत तिच्या भावाने पुन्हा भरिताला बोलावलं. कुसुम जायचं म्हणाली, म्हणून गेले. मी बांधावर बसले, जाळापासून पन्नास पावलांवर. वहीत लिहिलं, पंच्याहत्तर. काड्या दवाने ओल्या होत्या. धूर खूप, जाळ नाही. तिच्या भावाने काड्या उलटून पसरल्या आणि उन्हात वाळायला सोडल्या. कुसुम माझ्याशेजारी येऊन बसली. मी घड्याळाकडे पाहिलं, तिने मला पाहताना पाहिलं. मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

पाचची बस गेली. मी सातच्या बसने आले.