मामांची सलून

माझ्या बायकोच्या मामांइतका वेगवेडा माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी हळू गाडी चालवणाराही सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीत करतो आहे. मामांकडे साठच्या दशकातली एक विलायती मोटार होती. तिच्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मी ते चुकीचं उच्चारतो असं मामांचं ठाम मत होतं आणि माझ्या तोंडी ते नाव येण्यावर त्यांनी माझ्या लग्नाच्या वर्षीच बंदी घातली होती. या गाडीच्या मीटरवर आकडे एकशे चाळीसपर्यंत होते. काटा मात्र विसाच्या पुढे गेलेला मी क्वचितच पाहिला. "मैल आहेत ते," मामा बजावायचे. "किलोमीटर भाजी आणायला जाताना मोजायचे."

मामा तिला गाडी म्हणत नसत, कार तर नाहीच नाही. ते तिला 'सलून' म्हणत. चार दारं, आत खऱ्या लाकडाचा डॅशबोर्ड, बसायला चामड्याच्या गाद्या आणि बॉनेटखाली शर्यतीचं इंजिन, अशा घरंदाज पण आतून अवखळ गाडीला विलायतेत सलून म्हणतात, असं त्यांनी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं होतं. मराठीत सलून म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यावर त्यांच्याकडे उत्तर होतं. "केस कापतात ते सलून. माझी ती सलून." लिंग बदललं की गैरसमज मिटतो, अशी त्यांची भाबडी समजूत होती. तो मिटत नाही, हे मी स्वतःच्या डोक्यावरच्या केसांनिशी सांगू शकतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी नातेवाइकांची ओळख करून देताना सांगितलं, "मुलीच्या मामांची मुलुंडला सलून आहे." माझे वडील म्हणजे कुठलंही काम शक्यतो घरच्या माणसाकडून करून घ्यावं, या मताचे. लग्नाच्या आधीच्या रविवारी ते मला आणि काकांना घेऊन मामांच्या दारात हजर झाले. मुलाकडची मंडळी मुद्दाम सलून बघायला आली म्हटल्यावर मामांचा आनंद गगनात मावेना.

"सगळं काम मी स्वतःच्या हाताने करतो," मामा म्हणाले. "दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही."

"उत्तम. आम्हाला तसंच हवंय," वडील म्हणाले. "वेळ किती लागतो साधारण?"

"नऊ सेकंद."

वडिलांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या बाबतीत ते शक्य होतं. माझ्या डोक्यावर मात्र तेव्हा भरपूर जंगल होतं.

"पुढून दोन इंच कमी केलंय," मामा रंगात येऊन सांगू लागले. "मागून दीडच. मागून फार कमी केलं की नीट बसत नाही."

"मुलाचं लग्न आहे हो," वडील चाचरत म्हणाले. "पुढून दोन इंच जरा जास्त नाही का होणार?"

"अहो, जावयासाठी आणखी अर्धा इंच घेईन मी," मामा उदारपणे म्हणाले आणि त्यांनी इमारतीच्या मागच्या पत्र्याच्या शेडचं दार उघडलं. वडील आत जाऊन खुर्ची शोधू लागले. आरसे होते, पण ते गाडीच्या पुढच्या मडगार्डवर बसवलेले. नऊ सेकंद हे तिला साठ मैलांचा वेग गाठायला लागायचे. त्या दिवशी आम्ही तिघे केसांसकट आणि ग्रीसच्या डागांसह घरी आलो. वडील एवढंच म्हणाले की माणूस मनाने चांगला दिसतो.

तो होताच. पण त्याच्या मनात एक मैल रुतून बसला होता. मामांचे वडील मालवणजवळच्या एका खेड्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत साहेबांचे ड्रायव्हर झाले. ही गाडी त्या साहेबांची. एकदा नाशिकच्या रस्त्यावर, पडघ्याच्या पुढे, साहेबांनीच सांगितलं की बघू या किती पळते. काटा नव्याण्णववर गेला आणि साहेब मागून म्हणाले, बस. हुकूम तो हुकूम. साहेब पुढे त्यांच्या देशी गेले, गाडी गिरणीच्या आवारात कुजत पडली, आणि गिरणी बंद होऊन सगळं भंगारात निघालं तेव्हा मामांनी ती टेम्पोवर चढवून मुलुंडला आणली. मामांचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. त्यांनी गाडीच्या गंजलेल्या छपरावर हात ठेवला आणि म्हणाले, "एक मैल रवलो रे." त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले. मामांनी तो राहिलेला मैल वारसाहक्काने घेतला.

मामा भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मिळत नाही तो भाग लेथवर स्वतः करायचा, आणि मिळतो तो भाग कंपनीने चुकीचा केला असणार म्हणून पुन्हा स्वतः करायचा, ही त्यांची पद्धत. विलायती नटबोल्ट इंचांचे, म्हणून त्यांचे पाने इंची, आणि या पान्यांना बाहेरचा माणूस शिवला तर विटाळ होई. इंजिनाला दोन कार्ब्युरेटर होते. ते दोन्ही सारखा श्वास घेतात की नाही हे मामा रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून ऐकत. एकदा या कानाने हा, एकदा त्या कानाने तो. दर रविवारी सकाळी तंबोरे लावावेत तसा हा कार्यक्रम दोन तास चाले आणि तेवढा वेळ वरच्या मजल्यावर कोणी कुकरची शिट्टी केली तर मामा खालून ओरडत, "गॅस बंद करा रे, सूर जातोय." कधी विचारा, गाडीचं काम किती राहिलंय, तर उत्तर ठरलेलं: "थोडंच." हे थोडं मी सव्वीस वर्षं ऐकलं.

पण खरी गंमत त्या दोन इंचांची. शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटून धावतात, म्हणून मामांनी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. बसवली आणि त्याच वर्षी आमच्या मुलुंडात स्पीड ब्रेकरची साथ आली. मामांच्या फाटकापासून हायवेपर्यंत नऊ. प्रत्येकावर गाडीचं पोट घासणार. मग मामांनी दोन सागवानी फळ्या केल्या. स्पीड ब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं, दोघांनी फळ्या लावायच्या, मामांनी गाडी अलगद पलीकडे न्यायची, फळ्या उचलायच्या, पुन्हा बसायचं. "जावई, फळी धर," हे मामांनी माझ्याशी सर्वांत जास्त वेळा बोललेलं वाक्य असेल. मागचे रिक्षावाले शिव्या घालत. मामा प्रत्येक स्पीड ब्रेकर टेपने मोजून आले होते आणि त्यावरून त्यांनी नातेवाइकांची वर्गवारी केली होती. चार इंचांपलीकडे राहणाऱ्या नातलगांकडे ते लग्नालासुद्धा रिक्षाने जात.

मामींनी मात्र लवकरच हात टेकले. सुरुवातीच्या उत्साहात त्या फार वेळा बसल्या, फार वेळा उतरल्या. एका गणपतीत, हातात नैवेद्याचं ताट घेऊन पाचव्या स्पीड ब्रेकरला उतरायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पुढे चालते. तुम्ही या सावकाश." त्या चालत नणंदेच्या घरी पोचल्या, आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तेव्हा मामा पोचले. त्या दिवसापासून मामी गाडीत बसल्या नाहीत. "ज्या दिवशी उतरावं लागणार नाही त्या दिवशी बसेन," म्हणायच्या. मामा हसण्यावारी न्यायचे, पण शेजारच्या रिकाम्या गादीवर दर रविवारी न चुकता पॉलिश मारायचे.

मग दोन वर्षांपूर्वी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी मोठ्या घराच्या गप्पा मारल्या, मामा एकटे शेडच्या दाराशी उभे. भाड्याचं घर मिळालं ते घाटकोपरला, चौथ्या मजल्यावर, खाली स्कूटर लावायलाही जागा नाही. नव्या टॉवरमध्ये गाड्या पाळण्यात घालून वर चढवणार होते. मामांनी बिल्डरच्या इंजिनियरला विचारलं, "वर ठेवल्यावर रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू कोण करणार?" त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. शेवटी कोल्हापूरच्या एका शौकीन माणसाला गाडी द्यायचं ठरलं. मुलुंडचं घर सोडायला आणि त्याने गाडी न्यायला यायला पंधरा दिवस होते. मला मामांचा फोन आला.

"जावई, शंभर काढायचे राहिलेत."

"मग काढा की, मामा. रविवारी पहाटे नाशिकचा रस्ता मोकळा असतो."

"एकट्याने काढून काय करू? ती नको बाजूला?"

आणि मग मामांनी ते केलं जे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या बसकेपणाचा अभिमान मिरवला, तो त्यांनी दहा दिवसांत मोडला. नव्या स्प्रिंगा आणल्या, स्वतः बसवल्या, गाडी होती तशी उंच केली. फळ्या रद्दीवाल्याला दिल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मामींनी गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. रविवारी पहाटे त्या ठेवणीतली साडी नेसून खाली आल्या आणि थेट पुढच्या गादीवर बसल्या. मी मागे, साक्षीदार म्हणून. नऊच्या नऊ स्पीड ब्रेकर गाडीने सहज ओलांडले. प्रत्येक वेळी मामा मामींकडे बघत आणि मामी समोर बघत.

पडघ्याच्या पुढे रस्ता सरळ झाला. उजाडलं होतं, समोर एकही ट्रक नव्हता. कायदा काय म्हणतो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण त्या सकाळी कोणी त्याचं नाव काढलं नाही. मामांनी पाय दाबला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या इंजिनाचा खरा आवाज ऐकला. पन्नास. साठ. सत्तर. मामांची मान ताठ झाली होती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ऐंशी. मी मागून काटा बघत होतो, चौऱ्याऐंशीवर आला. मामांनी हळूच डावीकडे बघितलं. मामींचे डोळे मिटलेले, मान किंचित त्यांच्या बाजूला कललेली.

मामांनी पाय काढला.

"निजली," ते माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले.

काटा उतरत उतरत तिसावर आला. मागून ट्रक आले, हॉर्न वाजवत निघून गेले. मामा रस्त्याच्या डाव्या कडेने, मुलाला पाळण्यात झोपवून पाय न वाजवता चालावं तशी गाडी चालवत राहिले. पुढे एका टपरीपाशी थांबून आम्ही दोघांनी उभ्याने चहा घेतला, मामींना न उठवता. "बाबांचा एक राहिला," मामा म्हणाले, "माझे सोळा राहिले." मला वाटलं होतं ते खचतील. पण गाडीकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी दुःख म्हणणार नाही.

गाडी कोल्हापूरला गेली. मामा आता घाटकोपरच्या खिडकीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांचे आजार ओळखतात. भेटेल त्याला त्या सकाळची गोष्ट सांगतात. दूध टाकायला येणाऱ्यालाही सांगून झाली आहे. "ऐंशीच्या वर होतो, मैल हां, आणि हिला झोप लागली. गाडी अशी सुरात लागली पाहिजे."

मागच्या महिन्यात गेलो होतो. मामा बाहेरच्या खोलीत खिडकीशी, मी स्वयंपाकघरात मामींपाशी. सहज म्हटलं, "मामी, तुम्हाला त्या दिवशी झोप चांगली लागली हो."

मामींनी गॅस बारीक केला.

"झोप खंयची, जावई? मी डोळे मिटून घेतले होते. काटा दिसला असता तर भीतीने किंचाळले असते, आणि त्यांनी लगेच पाय काढला असता. म्हटलं, इतकी वर्षं वाट बघितली त्यांनी, आज काढू देत शंभर. मी नाही बघायची." त्यांनी चहा गाळायला घेतला. "गाडी हळू झाली तसं कळलं मला काय झालं ते. पण तेव्हा डोळे उघडून काय सांगणार होते?"

"मग आता सांगा की."

"नको हां. तुम्हीही सांगू नका. त्यांच्या गाडीचं एवढं कौतुक माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं."

मी चहा घेऊन बाहेर आलो. मामांनी खिडकीतून नजर न काढता विचारलं, "काय म्हणत होती?"

"म्हणत होत्या," मी म्हटलं, "त्या दिवशीसारखी झोप पुन्हा लागली नाही."

मामांनी कप हातात घेतला. खाली सिग्नल सुटला होता, गाड्या निघाल्या होत्या.

"कशी लागणार?" ते म्हणाले. "आता गाडी कुठाय?"