नख शिरलं नाही

सुट्टीच्या दिवशी बायकोनं मला आमच्याच शहरातला जुना घाट बघायला ओढत नेलं. जन्मभर मी दगड घडवले, पण दुसऱ्याच्या कामाला कधी चांगलं म्हटलं नाही.

"काढा आता खोट," ती म्हणाली.

आम्ही पाथरवट सांध्यात नख घालून काम पारखतो. मी पायरीपायरीला बसून नख लावलं, पण कुठंच शिरेना. एवढे पूर येऊन गेले, तरी दगड कसा जागचा हललेला नाही! आणि घडवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. माझा हात दगडावरून निघेना.

"सापडली का खोट?"

"माझ्यापेक्षा चांगला होता गं हा."

"ऐकू नाही आलं. परत बोला."

मी परत बोललो, आणि मोठ्यानं बोललो.