साधं पाणी

सगळी गल्ली त्याला नळवाला म्हणायची. बाहेरून नुसता आवाज ऐकून कुठला नळ गळतोय ते सांगायचा, आणि वर फुशारकी मारायचा, "माझ्या हातचा जोड गळला तर मिशी उतरवीन." मिशी कधी उतरली नाही. पण एका सकाळी त्याचं अर्धं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं आणि पाण्याचा पहिलाच घोट नाकातोंडातून परत आला.

"गावाचे पाईप जोडत बसलात," बायको म्हणाली, "आणि घरचाच फुटला की हो!"

तो हसला. हसताना ठसका लागला.

दवाखान्यात एक बाई होती, वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारी. गिळण्याचं दुखणंही तीच बघायची. तिनं त्याला ताठ बसवलं, चमचाभर पाणी तोंडात घातलं आणि गळ्यावर दोन बोटं ठेवली.

"गिळा, काका. आता आ म्हणा."

घागर बुडताना येतो तसा गुडगुड आवाज आला.

"श्वासाची वाट न् अन्नाची वाट शेजारीशेजारी असते," बाई म्हणाली. "मधलं झाकण तुमचं उशिरा पडतंय. पाणी पळतं असतं, ते आधीच फुफ्फुसात शिरतं."

"वायसर गेलाय म्हणा की. बदला."

"याचा वायसर बाजारात मिळत नाही, काका."

तिनं पाण्यात पूड कालवून ते दाट केलं. हनुवटी छातीला लावून गिळायचं, चमच्या-चमच्यानं. त्यानं एक चमचा घेतला आणि बायकोकडं बघितलं.

"पाणी म्हणे! शेंबूड आहे हा."

जिभेचे व्यायाम तो इमानानं करायचा. पण दाट पाण्यानं पोट भरे, तहान भागत नसे. मोरीतला नळ सुटला की हा खाटेवर डोळे मिटून ऐकत पडायचा. एकदा तर रडला. लग्नापासून बायकोनं त्याला रडताना बघितलं नव्हतं. ती विरघळली.

मग दोघांनी मिळून बाईच्या पुढच्या परीक्षेत कॉपी करायची ठरवली. बाई ठसका बघते, नाहीतर आवाज ओला येतो का बघते, एवढं त्यांनी हेरलं होतं. घोट आत गेला की बायकोनं डब्याचं झाकण खाली पाडायचं. बाई उचलायला वाकली की यानं हळूच खाकरून घसा मोकळा करायचा, मग आ म्हणायचं. घरी चारसहा वेळा तालीम झाली.

"म्हातारपणी नाटकात काम करतोय," तो म्हणाला.

"काम मी करतेय. तुम्ही नुसतं आ करताय."

परीक्षेत झाकण पडलं, बाई वाकली. आवाज खणखणीत आला. "छान सुधारलात!" बाई खूश झाली आणि साध्या पाण्याचे छोटे घोट घ्यायला परवानगी दिली.

नळवाला आठवडाभर राजासारखा जगला. मग ताप चढला, छाती घरघरू लागली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी जाऊन जाऊन न्यूमोनिया झालाय.

बाई खाटेपाशी आली तेव्हा बायकोनं सगळं ओकून टाकलं. "मीच झाकण पाडायची हो. मीच मारलं यांना."

बाई म्हणाली, "तहान मला दिसायला हवी होती, काकू. मी घसाच बघत बसले."

डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घालून अन्नपाणी द्यायचं सुचवलं. त्यानं चांगला हात हलवून नको म्हटलं. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, बायकोनं हात जोडले. त्यानं मान फिरवली आणि बोटानं तांब्या दाखवला.

बाईनं उशा लावून त्याला उठतं केलं. ओल्या फडक्यानं दात, जीभ, टाळू पुसून घेतले. वाटीत साधं पाणी ओतलं आणि चमचा बायकोच्या हातात दिला.

"मी? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"थोडं थोडं द्या. ते थांबवतील तेव्हा थांबा."

पहिल्या चमच्याला तो खोकला. खोकून खोकून काळानिळा झाला. बायकोनं वाटी बाजूला सारली.

त्यानं दम घेतला आणि तोंड उघडलं.

बायकोनं डोळे पुसले नाहीत. चमचा काठोकाठ भरला, आणि थोडं सांडलं म्हणून पुन्हा भरला.